परसातली पहिली मधपेटी: सातेरी टिकवायची कशी

पहिल्या वर्षी मधाचा हिशेब मांडू नका. सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव मधमाशी, पेटीत टिकली, तर वर्ष कमावलं. मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागे गावोगाव हलवावं लागतं. परसासाठी सातेरीच बरी.

नाशकात पेटी आणायची ती पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात. आठ चौकटींची, म्हणजे पोळं बांधायच्या आठ लाकडी फ्रेमींची, पेटी घ्या. माश्यांची वसाहत घेताना निदान चार चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात.

जागा सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी, दार पूर्वेला, समोर वर्दळ नको. स्टँड दीड-दोन फूट उंच. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि त्या कधीच कोरड्या पडू देऊ नका. गवताची एक काडी पेटीला टेकली, तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

पेटी रात्री, दाराला जाळी लावून आणा आणि जागेवर ठेवून सकाळी उघडा. पुढे फूटभरही सरकवू नका, चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालतात.

तपासणी आठ-दहा दिवसांनी, उन्हं कोवळी असताना. पेटीच्या मागे उभं राहून गोणपाटाचा हलका धूर द्या. चौकट उभीच धरा. आडवी केली तर नवं पोळं मऊ असतं, ते तुटून पडतं. राणी शोधत बसू नका. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी एकेक बारीक पांढरं अंडं दिसलं, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे नक्की होती. एकाच घरात बरीच अंडी असली, तर बहुधा राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालताहेत. तळपाट प्रत्येक वेळी खरवडा, पोळी पोखरणारा मेणकिडा त्याच कचऱ्यात वाढतो. माश्या बसत नाहीत अशी रिकामी पोळी काढून घ्या.

सातेरी पेटी सोडते ती ऊन, मुंग्या, मेणकिडा किंवा उपासमार यांमुळे. एप्रिल-मेमध्ये झाकणावर ओलं गोणपाट टाका, जवळ खडे घातलेली पाण्याची परात ठेवा. पावसाळ्यात फुलोरा नसताना आठवड्याला २०० ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात विरघळवून, पेटीच्या आत, संध्याकाळीच द्या. दिवसा दिलं तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, माश्यांना हगवण लागते.

मखमलाबाद किंवा पिंपळगावसारख्या द्राक्षपट्ट्यात घर असेल, तर खरी धास्ती फवारणीची. शेजारच्या बागाईतदाराला आदल्या दिवशी कळवायला सांगा. फवारणीच्या दिवशी पहाटेच पेटीच्या दाराला जाळी लावा. हवा खेळती आणि पेटी सावलीत हवी.

डंख बसला तर काटा नखाने खरवडून काढा, चिमटीत धरू नका. अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर थेट दवाखाना.

मध काढायचा तो फक्त वरच्या, मध साठवायच्या कोठीतला, तोही चौकटीतली तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावर. पोळी पिळू नका, मधयंत्रात फिरवा आणि त्याच संध्याकाळी परत लावा.