गुठळी लागली की ओकारी: नऊ महिन्यांच्या लेकीला घट्ट खाणं असं जमलं

मऊ पेज गपागप, पण एक गुठळी लागली की ओकारी. पातळ पेजेत तुकडे मिसळले, मोबाईल दाखवला. सगळं माझ्या अंगावर. महिनाभर रडकुंडीला आले.

चूक पातळ आणि घट्ट एकत्र देण्यात होती. मग आधी पाय टेकतील असं ताठ बसवलं. उकडलेला बटाटा मिक्सरऐवजी काट्याने कुस्करला, पाणी न घालता. चार दिवस तेवढंच. पाचव्या दिवशी बोटाएवढी गाजराची फोड, दोन बोटांत सहज चिरडेल इतकी शिजवून, थेट तिच्या मुठीत. तिने आधी ती कानाला लावली! आठवड्याने चावली.

ओकारीत आवाज येतो. आवाजच बंद झाला तर घास अडकलाय, म्हणून ती खात असताना आपण समोरून हलायचं नाही.