ट्रू ब्लड: पुस्तकातलं कोण सिरीजमध्ये कसं बदललं, हे नीट कसं बघायचं

ट्रू ब्लड म्हणजे शार्लेन हॅरिसच्या व्हॅम्पायरांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली अमेरिकन सिरीज. आधीच सांगतो, स्पॉयलर भरपूर आहेत, सगळे सात सीझन आणि तेराही पुस्तकं धरून बोलणार आहे, तेव्हा बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या.

पुस्तक आणि सिरीज ताडून बघायला बसलं की आपण सगळे पहिली माती एकाच ठिकाणी खातो. यादी करतो. मी पण केली होती, वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे पुस्तक उजवीकडे सिरीज, मग केसांचा रंग, वय, उंची, नोकरी, कोण कोणाच्या प्रेमात, असं करत तीन पानं भरली आणि शेवटी हातात काय तर "खूप बदललंय", जे मला वही न घेता पण माहीत होतं.

म्हणून यादी नंतर. आधी बघायचं की गोष्ट सांगतंय कोण. शार्लेन हॅरिसच्या पुस्तकांत (पहिलं २००१ चं, तेरावं २०१३ चं) सगळं नायिका सुकी स्टॅकहाउस, मर्लॉट्स नावाच्या बारमधली वेट्रेस, स्वतःच्या तोंडून सांगते, म्हणजे ती जिथे हजर नाही तिथलं आपल्याला दिसतच नाही. तिचा भाऊ जेसन काय उद्योग करतो, बारचा मालक सॅम एकटा असताना काय करतो, हे ती बघेल किंवा तिच्या कानावर येईल तेवढंच. (बाकीच्यांच्या मनातलं तिला ऐकू येतं ही सोय आहे म्हणा, पण व्हॅम्पायरांच्या मनातलं नाही, तिथे ती आपल्यासारखीच.) आता एचबीओवर २००८ मध्ये अ‍ॅलन बॉलने सिरीज आणली, जवळजवळ तासाचा एपिसोड, सीझनला दहा-बारा, त्यात प्रत्येक सीनला सुकी कशी असेल? मग कॅमेरा जेसनच्या घरी जातो, सुकीच्या मैत्रिणीच्या, ताराच्या घरी जातो, आणि तिथे गेला की तिथल्या माणसाला स्वतःचं काहीतरी झंगट लागतंच. निम्म्याहून जास्त बदल इथूनच निघतात असं माझं मत. तेव्हा कुठलंही पात्र घ्या आणि पहिलं विचारा, सुकी खोलीत नसताना हे पुस्तकात होतं तरी का?

दुसरा प्रश्न जास्त मजेचा, आणि माझी वही खरी इथे कामाला आली. पात्राचं काम काय, आणि ते पात्र बदललं तर ते काम कोणाच्या गळ्यात पडलं?

लाफायेट घ्या. पुस्तकात तो मर्लॉट्समधला कुक, पहिल्या पुस्तकात येऊन जाऊन असतो आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाच पोलिसातल्या अँडी बेलफ्लरच्या गाडीत त्याचं प्रेत सापडतं. म्हणजे त्याचं काम काय, तर मरणं, आणि मरून दुसऱ्या पुस्तकातल्या एका रहस्याला तोंड फोडणं. सिरीजमध्ये नेल्सन एलिसने तो असा काही उभा केला की त्याला मारायची हिंमत कोण करणार. पण गाडी आहे, अँडी आहे, प्रेत तर हवंय! म्हणून पहिल्या सीझनच्या शेवटी काय दाखवतात बघा: दारू प्यायलेला अँडी, मर्लॉट्सचं पार्किंग, गाडीतून बाहेर आलेला एक पाय आणि नखांना नेलपॉलिश. बस, तिथेच कट. पुस्तक वाचलेल्यांना वाटलं गेला लाफायेट. दुसरा सीझन सुरू होतो तेव्हा कळतं की ती मिस जेनेट आहे, ताराला आणि तिच्या आईला भूत उतरवते म्हणून गंडवणारी बाई, आणि लाफायेट तिकडे फँगटेझिया या व्हॅम्पायरांच्या बारच्या तळघरात साखळीने बांधलेला पण जिवंत. प्रेताचं काम तेच राहिलं, फक्त माणूस दुसरा, आणि वर पुस्तक वाचणाऱ्यांची मस्त टोपी उडवली. असा एक सीन सापडला की तो थांबून थांबून बघा, पुस्तकाचं ते पान शेजारी उघडं ठेवून.

कधी कधी उलटं होतं, काम एकाकडून काढून दुसऱ्याला दिलं आणि त्याच्या पायी एक नवंकोरं पात्र जन्माला आलं. पहिल्या पुस्तकात लाँगशॅडो हा फँगटेझियातला व्हॅम्पायर सुकीवर झडप घालतो तेव्हा त्याला फँगटेझियाचा मालक, व्हॅम्पायर एरिक संपवतो. सिरीजमध्ये हे सुकीचा व्हॅम्पायर प्रियकर बिल करतो. लहानसा बदल वाटतो ना? पण व्हॅम्पायरने व्हॅम्पायरला मारलं म्हटल्यावर शिक्षा आली, ती आता बिलला, आणि शिक्षा काय तर एका जिवंत मुलीला व्हॅम्पायर करायचं. तीच ती जेसिका. पुस्तकात ही पोरगी नाहीच, आणि डेबोरा अ‍ॅन वोलने केलेली ही जेसिका शेवटच्या सीझनपर्यंत टिकली. म्हणून नवीन पात्र दिसलं की "हे कुठून घुसवलं" म्हणून चिडायच्या आधी मागे जा आणि कुठल्या सीनमध्ये कोणी कोणाचं काम उचललं ते शोधा, दरवेळी सापडेल असं नाही पण बऱ्याचदा सापडतं.

गॉड्रिकचं तर नाव पण बदललंय. पुस्तकात गॉडफ्री, लहान मुलांचे जीव घेतलेला व्हॅम्पायर, स्वतःचीच किळस आलेली आणि शेवटी पहाटेच्या उन्हात जाऊन उभा राहणारा. सिरीजने ऊन ठेवलं, शेजारी सुकी ठेवली, पण तो भूतकाळ काढून टाकला आणि त्याला एरिकचा मेकर, म्हणजे त्याला व्हॅम्पायर बनवणारा, केलं (पुस्तकात एरिकचा मेकर वेगळाच आहे). सीन तोच, पण आता तो एरिकसाठी आहे, गच्चीवर रडणारा एरिक बघितल्यावर त्याच्याकडे बघायची आपली नजरच बदलते. मला स्वतःला पुस्तकातला गॉडफ्री जास्त अस्वस्थ करतो, पण एरिकला माणसात आणायचं तर हीच युक्ती भारी होती.

तारा मात्र या पद्धतीत नीट बसत नाही, हे कबूल करतो. पुस्तकातली गोरी, कपड्यांचं दुकान चालवणारी, पुढे लग्न करून जुळ्यांची आई होणारी. सिरीजमधली रुटिना वेस्लीची तारा काळी, लाफायेटची मामे-मावस जे काय असेल ते बहीण, दारुड्या आईच्या हाताखाली वाढलेली, पुढे स्वतःच व्हॅम्पायर झालेली, आणि सातव्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये गेली. इथे नाव सोडून फारसं काही उरलं नाही, तेव्हा तिला नवीन पात्र म्हणूनच वाचा, तुलना करत बसलात तर दोन्हींवर अन्याय होतो. आणि लुइझियानातल्या छोट्या गावात काळी मैत्रीण म्हटल्यावर तिचे टोमणे, तिचा संताप, सगळ्याचा अर्थ बदलतो, ते केसांच्या रंगाच्या कॉलममध्ये कसं मावणार.

सराव करायचा असेल तर शेवट घ्या. पुस्तकात सुकी शेवटी सॅमजवळ येते. सिरीजने सॅमला सातव्या सीझनमध्येच गावाबाहेर, शिकागोला पाठवून दिलं, म्हणजे नवऱ्याची जागा रिकामी. आता शेवटचा एपिसोड लावा, जेवणाचं टेबल, सगळी मंडळी जमलेली, सुकी गरोदर, शेजारी नवरा, आणि कॅमेरा त्याचा चेहरा काही दाखवत नाही.