उतारावरच्या पायऱ्यांचं माप: लेव्हल पाईप, साइन आणि कोसाइन

घर वरच्या टप्प्यावर आणि रस्ता खाली, हे कोकणात नेहमीचंच. मधल्या उतारावर टेप धरला की तिरकं अंतर मिळतं. पायऱ्या बसवायला लागते ती उभी उंची आणि आडवं अंतर.

समजा, पहिल्या पायरीच्या जागेपासून वरच्या कडेपर्यंत ताणलेली दोरी ५.२० मीटर भरली. उंची लेव्हल पाईपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढा. एका दमात होत नसेल तर मध्ये खुंटी मारून दोन टप्प्यांत. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं. उंची २.११५ मीटर आली, म्हणजे साइन = २.११५ ÷ ५.२० = ०.४०६७, कोन २४ अंश. आडवं अंतर = ५.२० × कोसाइन २४ = ४.७५ मीटर. मोबाइल दोरीला लावून थेट कोन घेण्याचा मोह टाळा: २४ ऐवजी २५ धरलात तर उंची ८३ मि.मी.ने फुगते, म्हणजे अर्ध्या पायरीहून जास्त. कॅल्क्युलेटरने साइन २४ उणे दाखवला तर तो रेडियनवर आहे.

आता भाग पाडा. रायझर म्हणजे पायरीची उभी उंची, ट्रेड म्हणजे पाऊल ठेवायची आडवी जागा. रायझर साधारण १५० मि.मी. धरून २११५ ÷ १५० = १४.१, म्हणून १४ रायझर, प्रत्येकी १५१ मि.मी. शेवटचा रायझर वरच्या जमिनीवर नेतो, त्यामुळे ट्रेड १३च. ४.७५ मीटर त्यांत सरसकट वाटले तर प्रत्येकी ३६५ मि.मी. होतात आणि पाऊल अडखळतं. दोन रायझर अधिक एक ट्रेड मिळून ६०० ते ६४० मि.मी. असावं. १२ ट्रेड ३१० मि.मी.चे ठेवा (बेरीज ६१२) आणि उरलेल्या १०३० मि.मी.चं मधोमध लँडिंग (सपाट टप्पा) करा. सात रायझर खाली, सात वर.

फ्लाइटचा, म्हणजे सलग पायऱ्यांच्या एका रांगेचा, कोन मात्र २४ नाही. टॅन = १५१ ÷ ३१०, म्हणजे २६ अंश. खोदाई आणि स्लॅबचा ढाळ याच कोनात. एका पायरीची तिरकी लांबी ३१० ÷ कोसाइन २६ = ३४५ मि.मी.; सहा ट्रेडना २.०७ मीटर. सळई कापताना यात हुक आणि लँडिंगमध्ये जाणारी लांबी वेगळी मिळवा.

स्लॅबच्या जाडीत हमखास घोळ होतो. १२५ मि.मी. ही ढाळाला काटकोनातली जाडी. ओळंब्यात मोजायची तर १२५ ÷ कोसाइन २६ = १३९. गवंड्याने उभ्या पट्टीवर १२५ धरले की प्रत्यक्षात ११२च मिळतात.

पावसाचं पाणी थांबू नये म्हणून प्रत्येक ट्रेडला पुढे ४ मि.मी. आणि लँडिंगला १० मि.मी. उतार द्या. इथेच बहुतेक जिने बिघडतात. १५१ हे एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंतचं उभं माप आहे. ट्रेडच्या मागच्या कोपऱ्यापासून रायझर १४७च भरला पाहिजे, लँडिंगनंतरचा १४१. मागून १५१ मोजत गेलात तर वर पोचेपर्यंत ५८ मि.मी. जास्त चढतात आणि शेवटची पायरी ९३ची उरते. अंधारात माणूस तिथेच ठेचकाळतो.

फरशी बसणार असेल तर सगळी मापं तयार पातळीपासून तयार पातळीपर्यंत घ्या. पायऱ्यांवर मसाल्यासकट ४० मि.मी. शहाबादी येणार आणि खालचं अंगण तसंच राहणार असेल, तर पहिला रायझर काँक्रीटमध्ये १११चाच ओता.