प्रकाश-ध्वनीचं मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) उभारताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे कामाचे दिवे चालू ठेवून चाचणी घेणं. त्या उजेडात ठरवलेली तीव्रता अंधारात डोळ्यांवर येते. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. आपण तासभर आतच असतो, प्रेक्षक मात्र उजेडातून थेट आत येतो आणि चाचपडतो. दारापासून आतपर्यंत हळूहळू मंद होत जाणारी वाट ठेवा. जमिनीची पातळी बदलते तिथे बारीक दिवा हवाच. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९८० साली, प्रकाशातूनच कलाकृती घडवणाऱ्या जेम्स टरेल यांच्या कलाकृतीत प्रकाशालाच भिंत समजून एक प्रेक्षक टेकायला गेली आणि पडली. प्रकाश इतका खरा वाटू शकतो!

दिवा आधी लागतो आणि ठोका उशिरा ऐकू येतो, ही तक्रार फार ऐकू येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; स्पीकर १७ मीटरवर असेल तर ५० मिलिसेकंद तिथेच गेले. उलट प्रोजेक्टर चित्र उशिरा दाखवतो, तेव्हा ठोका आधी ऐकू येतो. म्हणून कन्सोलपाशी (दिवे-आवाज चालवायच्या मेजापाशी) बसून जुळवणी करू नका. प्रेक्षक उभा राहील तिथे जाऊन, टाळी वाजवावी तसा एकच ठोका आणि एकच लखलखाट सोडून बघा. मोठ्या दालनात एका दणदणीत स्पीकरपेक्षा जवळजवळ लावलेले चार छोटे मला नेहमी बरे वाटतात.

शांत प्रसंगात स्पीकर गुणगुणतोय? डिमर (दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करणारं यंत्र) आणि ध्वनीयंत्रणा वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर बहुधा ग्राउंड लूप असतो, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं जाऊन त्यातून नको असलेला प्रवाह फिरतो. दोन्हींना एकाच ठिकाणाहून वीज द्या, सिग्नलच्या केबल विजेच्या केबलपासून लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. तरीही गुणगुण राहिली तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोडणी तोडून सिग्नल पुढे देणारं साधन) लावा. अर्थिंगची तार मात्र कधीही कापू नका, जिवावर बेतेल.

दिवे आपोआप फडफडत असतील तर डीएमएक्सच्या (दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या सिग्नलच्या) खास केबलच्या जागी माइकची केबल लावलीय का ते आधी बघा. साखळीतल्या शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल उलटा परतू न देणारा रोधक) लावा.

सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट अपस्मार असलेल्यांना झटका आणू शकतात. शक्यतो टाळाच. ठेवलेच तर सूचना दाराबाहेर, तिकीट घेण्याआधी दिसेल अशी लावा.

धुकं सोडणार असाल तर इमारतीच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांशी आधीच बोला. धूर ओळखणारे सेन्सर धुक्यानेही वाजतात.