आर-शायनी ॲपमध्ये याद्या ओढून कशा लावाव्यात

महाराष्ट्राच्या सहा प्रशासकीय विभागांची आकडेवारी आलेखात टाकली, की आर ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा खांब अक्षरक्रमाने उभे करते: अमरावती पहिली, पुणे शेवटी. पाहणाऱ्याला मात्र कोकणापासून नागपूरपर्यंत, किंवा स्वतःच्या मनातला क्रम हवा असतो. आरमध्ये वेब-ॲप बनवण्याच्या 'शायनी' पॅकेजमध्ये तो क्रम माऊसने ओढून लावू देणं हे तासाभराचं काम आहे. वेळ जातो तो ओढलेला क्रम पुढच्या गणितात नीट पोचवण्यात.

यासाठी सीरॅनवरचं (आरच्या पॅकेजांचं भांडार) 'सॉर्टेबल' पॅकेज घ्या. आतून ते सॉर्टेबल-जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतं, पण तुम्हाला जावास्क्रिप्ट लिहावी लागत नाही. (फंक्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये सॉर्टेबलची नावं रोमन छोट्या अक्षरांत, रेघेच्या जागी अंडरस्कोर टाकून लिहायची. शायनीची रेंडर-यूआय आणि रिॲक्टिव्ह-व्हॅल ही दोन मात्र renderUI आणि reactiveVal अशी लिहायची.)

१. यूआयमध्ये, म्हणजे ॲपच्या दिसणाऱ्या भागात, रँक-लिस्ट (ओढून लावायची यादी) ठेवा. तिला तीन गोष्टी द्या: वर दिसणारा मजकूर, लेबलांची यादी आणि इनपुट-आयडी, समजा 'क्रम'.

२. लेबलांना नावं द्या. पडद्यावर 'छत्रपती संभाजीनगर' दिसू द्या, पण त्याचं नाव म्हणून डेटात असलेला छोटा संकेतच ठेवा. सर्व्हरला, म्हणजे ॲपच्या गणित करणाऱ्या भागाला, लेबल मिळत नाही, हे नाव मिळतं. उद्या लेबलाचं शुद्धलेखन बदललं तरी गणित बिघडत नाही.

३. सर्व्हरमध्ये इनपुटमधला 'क्रम' वाचा. तो साधा मजकुराचा व्हेक्टर (किमतींची मालिका) असतो, वरून खाली. विभागाच्या स्तंभाचा फॅक्टर (ठरावीक गटांचा स्तंभ) करा आणि लेव्हल्स (त्या गटांचा क्रम) म्हणून हाच व्हेक्टर द्या. मग आलेख काढणारा जीजीप्लॉट खांब त्याच क्रमाने काढतो.

आडवे खांब असतील तर चित्र उलटं दिसेल, कारण पहिली लेव्हल तळाशी जाते. लेव्हल्स रेव्ह या फंक्शनने उलटवा. यादीत आकडे असतील, उदाहरणार्थ वर्षं, तर तीही मजकूर होऊन येतात. तुलना करण्याआधी त्यांचे पुन्हा आकडे करा.

काही विभाग वगळायची सोय हवी असेल तर बकेट-लिस्ट (एकीतून दुसरीत ओढता येणाऱ्या याद्यांचा गट) वापरा. तिच्यात दोन ॲड-रँक-लिस्ट घाला, 'दाखवा' आणि 'वगळा', प्रत्येकीचा इनपुट-आयडी वेगळा. इथे एक चूक हमखास होते: वगळलेल्या विभागांच्या ओळी डेटातून न गाळताच फॅक्टर केला जातो. लेव्हल्समध्ये नसलेली प्रत्येक किंमत एनए (किंमत नाही अशी खूण) होते आणि आलेखात 'एनए' नावाचा पाहुणा खांब उगवतो. आधी गाळा, मग फॅक्टर करा. 'दाखवा' पूर्ण रिकामी झाली तर काय, हेही ठरवून ठेवा; लांबी शून्य आहे का ते तपासून एखादी सूचना दाखवा.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी गडबड म्हणजे लावलेला क्रम आपोआप मूळपदावर जाणं. रँक-लिस्ट रेंडर-यूआयमध्ये (यूआयचा तुकडा सर्व्हरमधून बनवणाऱ्या फंक्शनमध्ये) असते आणि त्याच ब्लॉकमध्ये एखादा फिल्टरही वाचलेला असतो. फिल्टर हलला की यादी नव्याने जन्माला येते, वापरणाऱ्याची मेहनत पाण्यात. यादी यूआयमध्ये एकदाच बनवा आणि बदल अपडेट-रँक-लिस्टने करा. हे फंक्शन इनपुट-आयडी घेत नाही, सीएसएस-आयडी (पानावरच्या घटकाची ओळख) घेतं. म्हणून तो सुरुवातीलाच स्वतः द्या. शायनी मॉड्यूलमध्ये (ॲपच्या पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यात) यूआयतले दोन्ही आयडी एनएसमध्ये (आयडीला मॉड्यूलचं नाव जोडणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळायला विसरू नका, नाहीतर यादी हलते पण सर्व्हर गप्प राहतो.

वस्तू सोडल्यावरच नवा क्रम सर्व्हरकडे जातो, ओढताना नाही. तरी मागचं गणित जड असेल तर डिबाउन्स (शेवटच्या बदलानंतर थोडं थांबणं) ५०० मिलिसेकंद ठेवा.

मोबाइलवर पान सरकवताना चुकून ओळ उचलली जाते. सॉर्टेबल-ऑप्शन्समध्ये डिले १५० (मिलिसेकंद) द्या, म्हणजे बोट क्षणभर टेकवून ठेवल्याशिवाय ओळ उचलली जात नाही.

ज्यांना ओढणं जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट हवीच. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये) ही अपेक्षा स्पष्ट लिहिली आहे. प्रत्येक विभागापुढे 'वर' आणि 'खाली' बटणं द्या. क्रम मात्र एकाच रिॲक्टिव्ह-व्हॅलमध्ये (बदलली की वाचणाऱ्यांना कळवणारी किंमत) ठेवा: ओढणं असो वा बटण, दोघांनी तिथेच लिहायचं, आणि आलेखाने तिथूनच वाचायचं. तीच किंमत पुन्हा लिहिली तर रिॲक्टिव्ह-व्हॅल हलत नाही, त्यामुळे यादी आणि बटणं एकमेकांना गोल गोल फिरवत बसत नाहीत.