पोटातल्या बाळाला कानात बोळे घालता येत नाहीत

एकोणतीस वर्षं मी साऊंडचा धंदा केला. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या जत्रांची नाटकं, लग्नं, चवथीतल्या म्हणजे गणेशचतुर्थीतल्या घुमट आरतीच्या (घुमट हे मातीचं, चामडं ताणलेलं वाद्य) स्पर्धा आणि नरकासुराची रात, म्हणजे दिवाळीच्या आदली, पुतळ्यांच्या स्पर्धांची रात. त्या रातीला स्पीकरच्या पेटीवर पेटी चढवून आम्ही लोकांच्या छात्या हलवल्या. माझ्या उजव्या कानात आता बारा महिने रातकिडे ओरडतात, तो त्याचाच प्रसाद. गेल्या वर्षी मुलीला दिवस गेले आणि तिने फोनवर विचारलं, "बाबा, सासरच्या जत्रेत नाटकाला बसलेलं चालेल ना?" इतकी वर्षं आवाज वाढवायचं शिकलो होतो. कमी किती करायचा, हे तेव्हा शिकायला बसलो.

आधी मोजा. मोबाइलवर आवाज मोजणारं कुठलंही फुकटचं अ‍ॅप घ्या. पाच-सहा डेसिबल इकडेतिकडे दाखवील, आणि फार मोठ्या आवाजात मोबाइलचा माईक बसतो, म्हणजे खऱ्यापेक्षा कमीच आकडा येतो. पण अंदाज मिळतो. मोबाइल नसेल तर हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलून बघा. ओरडावं लागलं तर 85 च्या घरात पोचलात असं समजा.

डेसिबलचा हिशेब तांदूळ मोजण्यासारखा नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने कामगारांसाठी धरलेलं माप असं: 85 ला दिवसाचे 8 तास, 88 ला 4, 91 ला 2 आणि 100 ला जेमतेम 15 मिनिटं. हे मोठ्या माणसाच्या कानाचं झालं. गरोदर बाईने 115 च्या वरच्या आवाजात कान झाकूनसुद्धा जाऊ नये, असं तीच संस्था सांगते. कारण बोळे आईच्या कानात असतात, बाळाच्या नाही.

बाळाच्या कानातला ऐकण्याचा शंख विसाव्या आठवड्याच्या सुमाराला घडून होतो आणि चोविसाव्याच्या आसपास ते आवाजाला हलू लागतं. पोट आणि आतलं पाणी टिपेचा आवाज बराचसा गिळतात. बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, मात्र जवळजवळ तसाच आत जातो. शेजारच्या वाड्यावर डीजे लागला की आपल्याला गाणं कळत नाही, धडधड तेवढी येते, तसंच. म्हणून मी मुलीला गाणं कुठलं ते विचारतच नाही, बेसची पेटी कुठे आहे ते विचारतो.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. पेटीच्या मागे उभं राहिलं की आवाज कमी लागतो, म्हणून पुष्कळ बायका तिथे जाऊन थांबतात. मागे कमी होतो तो टिपेचा आवाज. बेस चहूकडे सारखाच पसरतो. खरं काम करतं ते अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात. हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात, तिथे हे गणित चालत नाही, तिथून सरळ बाहेर पडावं.

नाटकाला बसायचं तर साऊंडवाल्याच्या टेबलाच्या मागे बसा. त्याला स्वतःला नीट ऐकायचं असतं, म्हणून तो बेताच्या जागी बसलेला असतो. शिवाय कमी कर म्हणून सांगायला माणूस हाताशी. फक्त माडाला किंवा खांबाला बांधलेली जादा पेटी डोक्यावर नाही ना, ते वर बघून घ्या. नाटकाचे संवाद त्रास देत नाहीत. आधी गाण्यांचा कार्यक्रम असेल तर तेवढा वेळ घरी काढा. शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, ढोल-ताशे अगदी जवळून गेले तर 100 सहज ओलांडतात. लांबून पाहा आणि मेळ जवळ आला की गल्लीत शिरा. नरकासुराच्या रातीचं मात्र माझं उत्तर एकच: स्पर्धा घराजवळ असेल तर त्या रातीला दुसऱ्या गावी झोपायला जा. रात्री दहानंतर उघड्यावरच्या लाऊडस्पीकरला 2000 सालच्या नियमांनी बंदी आहे, सरकारने खास दिवशी दिलेली सवलत सोडून. 112 ला फोन करता येतो. तो उचलून पोलीस येईपर्यंत बाईने त्या धडधडीत का बसावं?

एखाद्या वरातीत चुकून पाच मिनिटं अडकलात तर रडत बसू नका. भीती आहे ती रोजच्या, तासन्‌तासच्या आवाजाची. मनात शंका राहिली तर पुढच्या तपासणीत डॉक्टरला विचारा. आणि पोटाला हेडफोन लावून बाळाला राग ऐकवायचा उद्योग करू नका. आईचा आवाज तिच्या हाडामांसातून आपोआप आत पोचतो.

नात झाल्यावर पहिलं काम केलं ते तिच्या कानांची तपासणी झाली का हे विचारण्याचं. ती महिन्याच्या आत व्हावी. बाळाची कानाची नळी इवलीशी असते, म्हणून तोच आवाज त्याच्या पडद्यावर जास्त जोराने पडतो, खास करून टिपेचा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1997 साली नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात 45 डेसिबलच्या वरचा आवाज चिंतेचा मानला होता. घरी इतकं जमत नाही, आमच्या साध्या गप्पाच 60 च्या आसपास असतात. तरी बाळ झोपतं त्या खोलीत टीव्ही नको.

जावयाने पावसाचा आवाज काढून झोपवणारं यंत्र आणलं होतं. 2014 साली अशी 14 यंत्रं तपासली गेली. पूर्ण आवाजावर सगळी 50 च्या वर गेली आणि तीन तर 85 च्याही वर. आम्ही ते पाळण्यापासून सात फुटांवर ठेवलं, आवाज अगदी खाली आणि झोप लागली की बंद. गाणाऱ्या खेळण्याच्या भोकांवर चिकटपट्टी लावली, चांगला फरक पडतो.

चवथीत आरतीला घुमटं, शामेळ (ढोल), कांसाळी (झांजा) निघतात आणि बंद साल्यात (दिवाणखान्यात) कांसाळ्यांचा आवाज चिरत जातो. घुमट मला जिवापाड आवडतं, पण आरती संपेपर्यंत नातीला घेऊन मी परसात उभा राहिलो. कानात कापूस घालून काही होत नाही, आणि लहान बोळा बाळाच्या तोंडात जायची भीती. कानावर बसणारे, बाळांच्या मापाचे जाड इअरमफ मिळतात, तेही थोड्या वेळापुरतेच. फटाक्यांना मात्र कुठलीच युक्ती पुरत नाही. कायदाच 4 मीटरवर 125 डेसिबलपर्यंत सूट देतो, तेव्हा बाळ आतल्या खोलीत आणि खिडक्या बंद.

बारशाला साऊंड कुणाचा, म्हणून व्याह्यांनी विचारलं. माझाच होता: एक माईक, पाळणा म्हणणाऱ्या बायकांसाठी. तोही माझ्या बहिणीने हातात न घेताच पाळणा म्हटला.