अतिविचारातून बाहेर पडायचे असेल, तर या चुका टाळा

कोथरूडमध्ये दर रविवारी सकाळी आमचा एक लहानसा गट जमतो. अतिविचाराने बेजार झालेली माणसे तेथे येतात आणि मोकळेपणाने बोलतात. मी डॉक्टर नाही, याच त्रासातून गेलेली निवृत्त शिक्षिका आहे. परंतु त्याच त्या चुका प्रत्येक नव्या माणसाकडून होताना पाहून वाईट वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शंका आली की लगेच खात्री करून घेणे. भाचीच्या लग्नासाठी मी स्वारगेटहून साताऱ्याच्या एसटीत बसले आणि कात्रज येईपर्यंत ‘गॅस बंद केला होता का?’ या प्रश्नाने मला इतके घेरले की सामानासह उतरून मी रिक्षाने घरी परतले. गॅस बंदच होता. मुहूर्त मात्र चुकला. अक्षता पडेपर्यंत भाची मावशीची वाट पाहत होती, हे बहिणीने नंतर सांगितले, त्याची बोचणी अजून गेलेली नाही. पुढच्या खेपेस मी शेगडीचा फोटो काढून नेला आणि तो वाटेत इतक्या वेळा पाहिला की हा फोटो आजचाच आहे ना, अशी नवीच शंका आली.

याचे कारण मला फार उशिरा कळले. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना संगणकावरील गॅसची शेगडी वारंवार तपासायला लावली, तेव्हा त्यांची स्मृती चुकीची ठरली नाही. तिच्यावरचा त्यांचा विश्वास तेवढा उडाला. म्हणजे तपासण्यानेच शंका वाढते. आता मी बटण एकदाच फिरवते, ‘बंद केला’ असे मोठ्याने म्हणते आणि निघते. तरीही जीव वरखाली होतोच, पण मी तो होऊ देते; खंबाटकी घाट येईपर्यंत तो बहुधा आपोआप निवतो. ‘साहेब माझ्यावर रागावले नसतील ना?’ असे घरातल्या चौघांना विचारत राहणे हीसुद्धा तपासणीच आहे, आणि प्रेमापोटी प्रत्येक वेळी दिलासा देणाऱ्या घरच्यांनीही हे समजून घ्यायला हवे.

विचार दडपू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांच्या मनात तेच अस्वल येत राहिले. मनगटावरचे रबर ओढून चटका देत विचार पळवण्याचा उपाय म्हणूनच मला मुळीच मान्य नाही.

दुसरी मोठी चूक आपल्या बोलण्यातल्या ‘च’मध्ये असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभा हाच की घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला अट्टहास आपल्याला अधिक छळतो. ‘मुलाला प्रवेश मिळायलाच हवा’ या वाक्यातला ‘च’ काढून ‘मिळाला तर फार बरे होईल, न मिळाल्यास त्रास होईल, पण तो सोसता येईल’ असे मी वहीत लिहिते. नवी मंडळी हे एकदा लिहितात आणि दुसऱ्या रविवारी ‘फरक पडला नाही’ म्हणतात. वीस वर्षे घोटलेले वाक्य आठवड्यात कसे सुटेल? मला जवळजवळ दीड वर्ष लागले.

अंथरुणात पडून हिशेब मांडू नका. चिंतेसाठी संध्याकाळची अर्धी घटका राखून ठेवा. मध्यरात्री मोबाइलवर आजारांची लक्षणे शोधू नका.

मात्र तपासण्यात किंवा हात धुण्यात रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, तर तो मंत्रचळ (नको असलेले तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार, म्हणजे ओसीडी) असू शकतो आणि त्यावर औषधे व वर्तनोपचार दोन्ही उपलब्ध आहेत. अशा वेळी आमच्या गटात येण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. कोठे जावे हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.